गंगव्वाच्या गच्चीवर

न्हाय म्हंजे न्हाय, पावणं — माझ्या गच्चीवर ते हवा मोजायचं मशीन बसवायचं न्हाय. साळंवर बसवा, पाण्याच्या टाकीवर बसवा, कोल्हापुरात काय गच्च्यांचा दुष्काळ पडलाय? बसा, पाणी घ्या, पर मशीन गाडीतच ऱ्हाऊ दे. आवो, जिना बघितलासा न्हवं, कठडा न्हाय त्याला — तुमी पडलासा तर मी कुणाला तोंड दावू? लाईट बी सारखी जाती. आन् माकडं! माकडं लई येत्यात — आता हसाय काय झालं? येत्यात की कवातरी.

बरं, न्हाईत येत. पर न्हाय बसवायचं. कशापायी म्हंजे? दोन वर्सामागं बसवलंतं की एकदा, हितंच. तुमच्या फायलीत आसंल, "हवा ठीक हाय" म्हणून. ठीक हाय म्हणं! ती समोरची चिमणी दिसती का? लोखंड वितळायची भट्टी हाय तितं — पेटली की गल्लीतलं धुणं काळं, कुरडया काळ्या, पोरांचा शेंबूड बी काळा. आमचं ह्ये त्याच फाउंड्रीत तीस वर्सं साच्यातली वाळू झाडायचं. शेवटी शेवटी दारातनं नळापतूर चालवंना, ह्या पायरीवर बसायचं आन् पाण्याभायेर काढलेल्या माशागत तोंड उघडायचं. डाक्टर म्हणला, फुफ्फुसात धूळ बसलीया, निघायची न्हाय. न्हायच निघाली. गेलं, पाच वर्सं झाली.

मंग तुमीच म्हणशीला, म्हातारे, तुझाच माणूस खाल्ला त्या भट्टीनं आन् तूच मशीन नको म्हणतीस — व्हय, तसंच म्हणणार. म्हणा. तुमाला काय म्हाईत? ते निळं दार बघा, कुलूप लावलेलं — अल्ताफचं घर. त्याची पोरगी सबिना, सात वर्साची, तिला बी धाप लागायची. मला अज्जी म्हणायची, आमच्यात म्हणत्यात तसं. अल्ताफनं हट्टच धरला, ही भट्टी हितनं हलवायचीच. रोजगार बुडवून कचेऱ्या हिंडला, घराघरातनं सह्या घेतल्या, तवा कुठं मशीन आलं. दुमजली घर गल्लीत माझं एकटीचं. "मावशी, जागा देशीला का?" — आरं, जागा काय इचारतोस, म्हणलं, घर घे!

तुमच्यावानीच एक साहेब आलता. मशीनात पांढरा सफेत कागद घालायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. पयल्या दिवशी कागद काढाय वाकला आन् पांढरा शर्ट मशीनला घासला — हा एवढा काळा पट्टा! बिचारा रुमालानं पुसत बसला. पर मला मेल्याहून मेल्यागत झालं हो. पावणं माझ्या घरी यावं आन् माझ्या घरातनं काळं होऊन जावं? सासूनं दिवसातनं तीनदा अंगण लोटाय लावलंय मला. मंग काय, रोज पाटं उठून गच्ची धुतली, कठडा पुसला. आन् मशीन — आता कसं सांगू — मशीनावर लुगडं टाकलं. जुनं, ओलं करून. आवो, आमी समदंच तसं झाकतो! पाण्याचं पिंप, शेवयांचं बाजलं, पाळण्यातलं पोर झोपलं तर पाळणा — ओलं फडकं टाकलं की काजळी फडक्यावर बसती, आत जात न्हाय. ह्या गल्लीत नव्या सुनंला पयलं हेच शिकवत्यात. एवढं म्हागाचं सरकारी मशीन, ते उघडं टाकू? साहेबाची पाठ फिरली की झाकायची, दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत काढून धुवाय टाकायची. मशीन जरा घुसमटल्यावानी आवाज करायचं, म्हणलं, करत आसंल.

न्हाय, थांबा, मला बोलू द्या. मला ठावं हाय काय म्हणणार ते. मला वाटलं, मोजायचं काय आसंल ते आत यंत्रात आसंल, कागद नुसता बुडाला अंथरलेला, डब्याच्या तळाला घालतो तसा. कागद पांढरा निघाला की मीच खूश! साहेबाला च्या काय, चिवडा काय — म्हैनाभर. मंग साळंत सगळ्यांना बोलावून रिपोर्ट वाचला. हवा ठीक. पयला कागद काळा, बाकीचं पांढरं, मंग पयल्यातच कायतरी चूक. साहेब कागद वर धरून सांगत हुता, ह्याच्यावर जेवढं काळं तेवढा पुरावा — तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. उठून बोलायचं हुतं. न्हाय उठले.

आन् गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? त्याच म्हैन्यात अल्ताफच्या मेव्हण्याला त्या फाउंड्रीत काम लागलं. झालं! अल्ताफ फितला, पोरीचा श्वास इकला, आसं बोलाय लागली माणसं, ज्यांनी सह्या केल्या तीच. चोर सोडून संन्याशाला फाशी. ईदला हुस्नानं, त्याच्या बायकूनं, दरसालागत घरोघर शीरखुर्मा धाडला — कुणी घेतला न्हाय. मी घेतला. खाल्ला बी. कसा गिळला माझं मला ठावं. रातीचं न्हाय, भर दुपारचं आला अल्ताफ, हितंच, तुमी बसलाय तितं बसला. "मावशी, मशीनला काय झालं आसंल वो?" म्हणला. आन् मी — मी म्हणले, मला काय कळतंय बाबा त्यातलं. म्हैन्याभरानं बिऱ्हाड घेऊन कुरुंदवाडला गेला, सासुरवाडीला. सबिना टेंपोतनं हात हलवत हुती. आजपतूर कुणाला बोलले न्हाय हे, आन् तुमाला — तुमची वळख न्हाय, पाळख न्हाय — का सांगितलं देवाला ठावं.

आन् ह्या बारीला अर्ज कुणी केलाय? वाचा की, मला चाळशीबिगर दिसत न्हाय. कोण? ... कुरुंदवाडचा पत्ता? अजून नाद सोडला न्हाय त्यानं? फुडं वाचा. ... परत वाचा. "यंत्र गंगव्वा मावशींच्याच गच्चीवर बसवावे, मागच्या वेळी त्यांनीच ते नीट सांभाळले होते." आसं लिवलंय? त्यानं? शिवा, शिवा... न्हाय, पाणी नको मला.

फोन लावा त्याला. नंबर आसंलच की अर्जावर. लावा म्हणते न्हवं! ... अल्ताफ? मी रं, गंगव्वा मावशी. ... व्हय, आल्यात पावणं, म्होरंच बसल्यात. ... आरं ऐक, मला जरा तुला — त्या वक्ताला न्हवं का, आपलं मशीन — ... कोण? सबिना? दे की, दे तिला. ... अज्जी हाय बाळा. ... जेवले की. तू जेवलीस? ... कवा येऊ म्हणून काय इचारतीस, घर हाय न्हवं तुझं हितं. ... व्हय. बघते की मी मशीन. नीट बघते. ... अब्बाला? न्हाय... अब्बाला काय न्हाय सांगायचं. ऱ्हाऊ दे. ठेवते.

घ्या फोन. आसं बघू नकासा माझ्याकडं. जावा वर, बसवा काय बसवायचं ते. आन् उतरताना जिन्याच्या दाराला कुलूप घाला — हे घ्या — आन् किल्ली तुमच्यासंगं घेऊन जावा. मी मागितली तरी द्यायची न्हाय. जावा म्हणते न्हवं.