सत्यभामाबाईच्या खांद्यावरचा हात

...अन् वरून आमच्या डेस्कवरच्या अर्पिता मॅडम म्हणतात, "वहाबजी, सगळं नेटवर असतं हो." असंन बाप्पा, मी कुठं नाई म्हणतो? पण तुमाले सांगतो, जळगाव जामोदात बसून पेपराले बातम्या देणाऱ्यानं आधी काय करायचं, त फटफटी काढायची, गावात जायचं, माणसाले इचारायचं, चहा प्यायचा अन् बातमी लिहायची. आता माणसाच्या बोलण्याले कोणी इचारत नाई. फोटो शोधा, नकाशा पाहा, लिंक पाठवा...

झालं काय, त आमच्याच तालुक्यातल्या सत्यभामाबाई. तोंडानं फटकळ, पण बाई सरळ. एक दिवस मोबाईलवर बियाण्याची जाहिरात फिराले लागली. मागं पांढरंफट कपाशीचं वावर, पुढं सत्यभामाबाई हासून राह्यल्या, अन् खाली लिहेल, 'हे बीटी लावलं अन् बोंडअळी मी विसरलीच.' आता बाईनं त्या बियाण्याची थैलीबी पाहेल नाई. तिच्या सोताच्या वावरात कोणतंबी बोंड फोडा, आत गुलाबी अळी. कशी विसरंन ते? पण शेजारच्या उत्तमरावनं जाहिरात पाहून तेच बियाणं पेरलं, अन् त्याचंबी वावर अळीनं खाल्लं. मंग तो गप बसंन काय? भर पारावर म्हणे, "वयनी, कंपनीनं तुमाले काय देल्लं?" झालं. तवापासून बाया तिच्याशी बोलेना, हळदीकुंकवाले बलावेना. माह्याकडं आली त डोळे सुजेल. म्हणे, "वहाबभाऊ, मी खोटी नाई. येवढंच छापा."

मी मॅडमले फोन लावला. म्हटलं, बाई सोता सांगून राह्यली. त म्हणे, "ती सांगणारच हो. उद्या कंपनी म्हणेल, बाई पलटली. कुणालाही तपासता येईल असा पुरावा हवा. शोधा ना, सगळं नेटवर असतं." आता बोलणं खोटं नव्हतं, म्हणून त जास्त राग आला.

बसलो मंग. जाहिरातीतलं वावर तेवढं कापलं अन् शोधात टाकलं. तसा फोटो टाकला की तो आधी कुठं कुठं लागेल होता ते सारं निंघते. निंघालं. दुसऱ्याच राज्यातलं जुनं वावर, अन् कडेले नारळाची झाडं... आता सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशीच्या धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, नारळ कोणी पाह्यला? पण अळीनं पोळलेल्या माणसाले नारळ दिसते काय, त्याले बोंडंच दिसतात. वरून दिसणाऱ्या नकाशावर बाईचं खरं वावर काढलं, त उत्तरेले डोंगर छातीवर येऊन उभा. जाहिरातीत डोंगरच नाई. पाठवलं मॅडमले. म्हणे, "छान, वावर खोटं ठरलं. पण बाई तर खऱ्या आहेत ना? त्यांचा फोटो कुठून आला?"

मंग फोटो मोठा करून पाह्यला, तवा दिसला तो हात. सत्यभामाबाईच्या खांद्यावर, हिरव्या बांगड्यायचा हात. नुसता हात. त्या हाताची बाईच नाई. बाईले फोनवर इचारलं त म्हणे, भाचीच्या साखरपुड्यातला असंन. भाचीनं सारे फोटो फेसबुकवर टाकेल, साऱ्यायले दिसतीन असे. पाहत बसलो एकेक. मागून आमच्या जहांआराबेगम म्हणतात, "सुबू से पराई औरतां के फोटू देख रै जी?" म्हटलं, औरत नाई पाहून राह्यलो, हात पाहून राह्यलो. ते त आणखीच वाईट झालं. चहा नाई भेटला मले त्या दिवशी.

पण सापडला. तेच लुगडं, तेच हासणं, अन् खांद्यावर तोच हात... हाताले जोडून अख्खी विहीणबाई. कंपनीनं विहीण कापली, हात राहून गेला.

बातमी छापून आली. उत्तमराव पेपर घेऊन बाईच्या दारी गेला, म्हणे, "वयनी, माहं चुकलं." बायकोबी संगं होती. बाईनं चहा केला, अन् मंग रडली म्हणतात. मले वाटलं, सुटलो.

कायचं सुटता? मॅडमनं जाहिरातीचाच फोटो मोठा छापला, त्याच्यावर तिरपा लाल 'बनावट' शिक्का. आमच्या पानाले रंग नाई. तो लाल शिक्का छापून करडा झाला अन् कपाशीत असा मिसळला की कोणाले दिसलाच नाई. अन् खालची बातमी वाचते कोण? दूरदूरच्या गावाहून लोकं जीप करून बाईच्या दारी. "मावशी, पेपरात आलं ते बियाणं कुठं भेटते?" बाईचा फोन. "वहाबभाऊ, आधी शिव्या द्याले येत होते, आता हात जोडून येऊन राह्यले. शिव्याच बऱ्या होत्या."

गेलो मी, पत्र्यावर पाटी रंगवून देली, 'येथे बियाणे मिळत नाही. जाहिरात खोटी आहे.' टांगली दारावर. कोणीतरी पाटीचा फोटो काढला, तो फिरला जिल्हाभर, अन् आज मॅडमचा फोन. "वहाबजी, एका पाटीचा फोटो व्हायरल झालाय. खरा आहे का बघा." म्हटलं, खरा हाये मॅडम, पाटी म्याच रंगवली. त म्हणे, "तुमच्यावर विश्वास आहे हो... पण तुम्ही सांगणारच. स्वतंत्र काही मिळतं का बघा."

दुपारपासून माह्याच हातच्या पाटीचा पुरावा नेटवर शोधून राह्यलो. अजून त सापडला नाई.