लूसियनच्या पिशवीतला रंग

शनिवार, दिनांक १७ मे २०२५ रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, न्यू ऑर्लिन्स शहराच्या सातव्या वॉर्डातील परस्पर साहाय्य मंडळाच्या सभागृहात, पोलीस अधिकारी ड्वेन गॅस्पार यांनी माझ्या भाच्याची शिवणाची पिशवी चारचौघांसमोर टेबलावर उपडी केली. माझी तक्रार तेवढ्या एका कृतीविषयी आहे.

मी ओडील मारी पोप्युलस, वय ७६, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार पॉजर स्ट्रीट, अविवाहित. (हा शेवटचा प्रश्न पुरुष साक्षीदारांना विचारत नाहीत असे मला बाहेरच्या बाकावर समजले, तरी उत्तर दिले आहे.) आज सोमवारी चुलीवर राजमा ठेवून, शेजारणीला लक्ष द्यायला सांगून, या तक्रार कार्यालयात समक्ष हजर राहून सांगते की,

लूसियन पोप्युलस हा माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. धंदा गिलाव्याचा. तो आमच्या वॉर्डातल्या टोळीचा सरदार आहे. टोळी हा शब्द इथे पोलिसांच्या अर्थाने घेऊ नये. मार्डी ग्राच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासाच्या आदल्या दिवशीच्या सणाच्या, सकाळी आमच्यातले काळे पुरुष स्वतः शिवलेला मण्यापिसांचा पोशाख घालून रस्त्यावर उतरतात. पळून आलेल्या गुलामांना ज्या मूळ रहिवाशांनी आसरा दिला, त्यांच्या मानासाठी. पोशाख दरवर्षी नवा लागतो. हंगाम संपला की जुना उसवायचा, मणी निवडून डब्यांत भरायचे आणि पुढच्या वर्षीचा शिवायला घ्यायचा. त्याचा रंग मार्डी ग्राची सकाळ उजाडेपर्यंत घराबाहेर कोणाला कळू देत नाहीत. अधिकारी गॅस्पार नवव्या वॉर्डात वाढले आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. हे कागद पुढे वाचणारे वकील कुठल्या गावचे असतील ते माहीत नाही, म्हणून नोंदवले.

मंडळाने यंदा मे महिन्यात दर शनिवारी आमच्या काळ्या लोकांच्या कलांचा मेळावा भरवला. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांचे पथक झाले, गोधड्या शिवणाऱ्या बायका येऊन गेल्या. मंडळाचे सचिव थिओ रूसेव हे अटलांटात शिकून परत आलेले आहेत. हेतू चांगला, आवाज मोठा. त्यांनी लूसियनचा यंदाचा हिरवा पोशाख मागून नेला, सभागृहाच्या मधोमध उभा केला आणि भोवती दोरी बांधून ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली. लूसियनने हरकत घेतली नाही. त्याची पत्नी इनेझ जानेवारीत वारली. त्यानंतर तो कशालाच हरकत घेत नव्हता.

त्या शनिवारी शहराच्या वरच्या भागातले सरदार अल्सीद फोर्शे मेळावा पाहायला आले. यांची आणि आमची टोळी रस्त्यात समोरासमोर आली की कोण अधिक देखणे यावरून तासभर वाहतूक थांबते. त्यांनी पोशाखाला सावकाश प्रदक्षिणा घातली आणि मग म्हणाले, “काय रे लूसियन, बरा आहेस ना?”

“बरा आहे, सरदार. का?”

“नाही, मे अर्धा संपला आणि तुझं मार्चातलं कातडं अजून खुंटीवरच! मला वाटलं तू गेलास, आणि मेल्यांनी मला कळवलंसुद्धा नाही.”

लोक हसले. थिओ पुढे होऊन म्हणाले, “सरदार, हा आता इथेच राहणार. ऑक्टोबरपर्यंत शाळा येणार आहेत बघायला.”

“मग शेजारी थडगं पण बांधून टाक, बाबा. मुलांना दोन्ही एकदमच बघता येईल.”

लूसियन दोरीपर्यंत चालत गेला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आत्या, गाडीत कॉफीचे रिकामे डबे आहेत का गं?” जानेवारीनंतर त्याने आपण होऊन मला विचारलेला हा पहिला प्रश्न. डबे होते. मी आणले. त्याने दोरी सोडली, पोशाख लांब टेबलावर आडवा केला आणि खिशातून कात्री काढली.

सरदार फोर्शे यांनी न विचारता खुर्ची ओढली. “दे ती डावी बाही इकडे. तुझ्या हाताने नाताळ उजाडेल.”

यानंतर जे घडले त्याचे मला अजून नवल वाटते. इतके दिवस त्या दोरीपाशी कोणी मिनिटभर थांबत नव्हते. आता सगळे सभागृह टेबलाभोवती जमले. कोणी विचारले, मणी कुठून आणता. कोणी विचारले, बोटे सुजत नाहीत का. एक पाहुण्या बाई तर रडवेल्या झाल्या. “इतकं सुंदर कापवतं तरी कसं हो तुम्हाला?”

लूसियन म्हणाला, “शिवताना जीव लागतो, बाई. उसवायला नुसती कात्री पुरते.” त्यांना मी एक डबा दिला आणि हिरवे मणी वेचायला बसवले. त्या बसल्या.

थिओ मात्र धावत आले. “मिस ओडील, थांबवा यांना! पोरांना मी काय दाखवू आता?”

“हेच दाखव. तुझे आजोबा याच टोळीत सगळ्यांच्या पुढे धावायचे, थिओ. बस तिथे आणि पांढरे वेगळे काढ.” तेही बसले.

दोन माणसे कात्रीने प्रदर्शनातली वस्तू फाडत आहेत, असा फोन पोलिसांना कोणी केला ते मला माहीत नाही. कळल्यास मी त्या व्यक्तीला कॉफी पाजून सविस्तर विचारीन.

अधिकारी गॅस्पार आणि त्यांचे एक सहकारी आले. पोशाख शिवणाऱ्याचाच आहे आणि मंडळाची तक्रार नाही, हे थिओंनी लगेच सांगितले. विषय तिथे संपायला हवा होता. परंतु अधिकारी गॅस्पार यांना खुर्चीखाली लूसियनची कापडी पिशवी दिसली. “आणि यात काय काय भरलंयस?”

लूसियन उभा राहिला. “ती उघडू नका. माझे खिसे बघा, गाडी बघा, घरी या. ती नको.”

त्यांनी ती उपडी केली. आत पुढच्या वर्षीचे काम होते: कॅनव्हासवर अर्धवट शिवलेला एक तुकडा आणि रंगवून आणलेली थोडी पिसे.

सरदार फोर्शे ताडकन उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “मी बघत नाहीये! सगळ्यांनी लक्षात ठेवा, मी भिंत बघतोय!” त्यांच्यामागोमाग आमच्या वॉर्डातली सगळी माणसे वळली. पाहुण्यांना कारण कळले नाही, पण त्यांच्यातलेही बरेच जण वळले. एवढ्या पाठी एकदम मी फक्त चर्चबाहेरच्या मिरवणुकीत पाहिल्या आहेत.

अधिकारी गॅस्पार यांनी एक पीस उचलले आणि सहकाऱ्याला ओरडून सांगितले, “हे बघ रे, हा तर—” त्याच क्षणी काचेच्या मण्यांचा भरलेला डबा लाकडी जमिनीवर पडला आणि पुढचा शब्द कोणाला ऐकू गेला नाही, अशी माझी आशा आहे. तो माझ्या हातून निसटला असे लिहावे, असे मला इथे प्रेमाने सुचवण्यात आले. निसटला नाही. मी ढकलला. पोलिसांच्या कामात अडथळा आणला असे म्हणायचे असेल तर स्पष्ट म्हणावे. सिस्टरांच्या शाळेत मला उभे राहून, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवले आहे.

लूसियनला ते चौकीवर घेऊन गेले आणि सहाच्या सुमारास सोडले. पिशवी चौकशीसाठी ठेवून घेतली. काल चर्चमधल्या मिसेनंतर मी दोघा-तिघांना रंग ऐकू आला का ते आडून विचारून पाहिले, ते गोंधळलेले दिसले. सरदार फोर्शे यांचा स्वतःहून फोन आला. ते म्हणाले, “ओडील, मला काही कळलेलं नाही. आणि कळलं असतं, तरी कळलेलं नसतं.” लूसियन फोन घेत नाही. त्याच्या पुढच्या खोलीतला शिवणाचा दिवा शनिवारपासून लागलेला नाही.

रंग कोणता, असे विचारले असता मी उत्तर दिले नाही. तो इनेझने निवडला होता. इस्पितळात, पिसांचे नमुने पांघरुणावर पसरून. याहून अधिक नोंदवू नये.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात जिथे ‘वृद्ध महिला’ होते तिथे माझे नाव घातले आहे. आता तो मी बोलले तसाच आहे. सही करण्यापूर्वी पुढील मागणी जोडून घ्यावी.

पिशवी तोंड बांधून लूसियनच्या हाती परत मिळावी. रंगाचा उल्लेख पोलिसांच्या कोणत्याही कागदावर असू नये, कारण ते कागद मागेल त्याला वाचायला मिळतात. अधिकारी गॅस्पार यांचे मेहुणे नवव्या वॉर्डाच्या सरदाराकडे शिवायला बसतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून अधिकारी गॅस्पार यांनी शुक्रवार, दिनांक ३० मे रोजी दुपारी बारापूर्वी मला स्वतःच्या सहीने लेखी कळवावे, की त्यांनी रंग कोणाला सांगितलेला नाही, घरातही सांगणार नाहीत, आणि मार्डी ग्राच्या सकाळी लूसियन दारातून बाहेर पडेल तेव्हा ते फुटपाथवर उभे राहून इतर सगळ्यांइतकेच चकित होतील.