सहा जागा आणि एरेंदिरा

…नाही हो बाई, तुमचं यंत्र खोटं बोलतं असं कुठं म्हटलं मी? एवढंच म्हटलं की त्याला शेंडी लावता येते. आता तोंडातून गेलंच आहे, तर बसा — मक्याचा कोरुंदा गरम आहे तोवर खा, वरचं पान काढून — आणि ऐका. बावीस वर्षं या शाळेच्या फाटकाशी आतोले, ही मक्याची गरम पेज, विकतेय मी, कोणतं पोर अक्षराला बिचकतं ते मला लांबून दिसतं. तुम्ही त्याला डिस्लेक्सिया म्हणता, म्हणा. तुम्ही आलात, पोरांना चित्रं दाखवलीत — सूर्य, कोंबडा, होडी, पटापट नावं सांगा — आणि त्यावरून यंत्र सांगणार, जादा वर्गात बसवलं तर कुणाला गुण येईल, कुणाला नाही. जागा सहाच. कुंभाराची एरेंदिरा अडखळली, तर म्हणे हिच्यावर मेहनत वाया. नऊ वर्षांची पोर, आणि वाया? माझं डोकंच फिरलं. महिन्याभरानं पुन्हा चाचणी होती, हो ना? मग काय — लोटेरियाचे चित्रांचे पत्ते काढले, जत्रेत खेळतो ते. रोज दुपारी पोर समोर बसलेली, मी पत्ते टाकतेय, कोंबडा, चंद्र, होडी, मासा — दुसऱ्या खेपेला अशी सुटली म्हणून सांगू. यंत्र खूश, एरेंदिरा सहावी.

हसा, पण लिहू नका. वाचायला काही ती पत्त्यांनी नाही शिकली, एवढं कळतं मला. ते तुमच्या वर्गातल्या मास्तरणीनं शिकवलं, एकेक अक्षर बोटानं गिरवून घेऊन. काल माझ्या ठेल्यावरची पाटी वाचली तिनं, सगळी — घाम फुटला पोरीला, पण वाचली. मला रडू आलं, उगाच कशाला लपवू? — वहीत काय लिहिताय, बाई?

लबाडी झाली म्हणून नाव खोडणार तिचं? आणि जागा सातव्याला देणार? बघा की यादीत सातवं नाव. हिमेना ओरोस्को. माझी नात. यंत्रानं तिला आधीच आत धरलं होतं, मग तिला कशाला पत्ते — एक वर चढली की एक खाली घसरणार, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. आता रोज घरी येऊन दप्तर भिरकावते, माझ्याशी बोलत नाही, आणि कारण तिला ठाऊकही नाही. तुम्ही लिहिलंत तर उद्या ती वर्गात बसेल, माझ्या गळ्यात पडेल.

तरी नका लिहू. ते पान फाडा आणि द्या इकडे, चुलीत घालते. पैसे राहू द्या. उठा आता, पोरं सुटली.