दिवसाला एक

दवाखान्यात सामान मिळण्याच्या खिडकीवर माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांचे यजमान मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

"साहेब, महिन्याच्या तीसच नळ्या दिल्यात. डॉक्टरांनी दिवसाला पाच लिहिल्यात."

"नियमात दिवसाला एक आहे, आजी."

"अहो, यांना आपली आपण लघवी होत नाही. दर चार-पाच तासांनी स्वतःच नळी घालून काढावी लागते."

"मग सकाळी एकदाच घालायची आणि सगळी काढून टाकायची. दिवसभर कटकट नाही."

"जी अजून झालीच नाही, ती सकाळी कशी काढणार?"

"पाणी कमी पाजा."

"डॉक्टर म्हणतात, भरपूर पाजा."

"त्यांना म्हणायला काय जातंय! तीच नळी धुऊन वापरा."

"मागच्या महिन्यात तेच केलं. ताप चढला, आठ दिवस इथंच वरच्या मजल्यावर पडून होते."

"बघा! म्हणजे घरच्या आठ नळ्या वाचल्या की."

"साहेब, जरा माणसासारखं बोला."

"माझ्या हातात काही नाही. अर्ज लिहून ठेवा. मी आलोच पाच मिनिटांत."

"आता कुठं निघालात?"

"बाथरूमला. तेही विचारूनच जायचं का?"

आजोबा मान वर करून बाकावरून म्हणाले,

"बसा खाली, साहेब. सकाळी आम्ही आलो तेव्हा तिकडंच गेला होतात. तुमची आजची एक झाली."