हातचा राहिला!

मंडळी, ऐका! गुरू शिष्याला घडवतो, हे आपण रोज गातो. पण गुरूला कोण घडवतं? अहो पाटील, डुलक्या नंतर! आधी उत्तर द्या!

एका गावात शाळा. तिथे गणिताला कुसुम ढोबळे बाई. दरारा असा, की बाई नुसत्या खोकल्या तरी पोरं पाढे म्हणायला लागायची! त्यांच्याकडे एक मुलगी आली, निकिता. शिक्षिका व्हायचं होतं तिला. रीत अशी, की नवीन मुलीनं शिकवायचं आणि बाईंनी मागच्या बाकावर बसून बघायचं. नुसतं बघायचं हं! जमतं का आपल्याला? सून पोळी लाटते नि सासूचे हात शिवशिवतात — हसू नका मावशी!

निकिता बेरजेत हातचा विसरली. झालं! बाई ताडकन उठल्या, खडू हिसकावला, गणित पुरं केलं. निकिता रडवेली झाली. म्हणाली, "बाई, जरा थांबला असतात तर पोरांनीच सांगितलं असतं मला."

"ही पोरं? ही सांगतील?"

"बघा तरी, बाई!"

दुसऱ्या दिवशी बाई ओठ आवळून बसल्या. निकिता पुन्हा चुकली — आणि वर्गात हा कालवा! "ताई, हातचा! ताई, चुकलं!" ती हसली, "अगं बाई, खरंच की!" बाईंना वाटलं, एवढी वर्षं शिकवतेय मी, हा आवाज माझ्या वर्गात कधीच कसा नाही आला?

सरावाची मुदत संपली, निकिता गेली. मग बाई फळ्यावर मुद्दाम चुकल्या. थांबल्या. पोरांनी काय केलं असेल? चुकलेलं उत्तर सुंदर अक्षरात उतरवून घेतलं! बाईंच्या काळजात चर्र झालं.

आस लागली हो, मंडळी! रोज चुकायचं, रोज वाट बघायची. पोटची पोर सासरी गेल्यावर घर खायला उठतं ना, तसा तो गप्प वर्ग बाईंना खायला उठायचा. शेवटी एक दिवस न राहवून म्हणाल्या, "पोरांनो, मीसुद्धा चुकते रे! सांगा की कुणीतरी!"

मंगल नावाची पोर उभी राहिली. "बाई... हातचा राहिला."

बाईंना रडूच फुटलं. "राहिला गं पोरी! ये, तूच दाखव कुठे राहिला ते."

आता तुम्ही! माना छान डोलवताय. घरात तुमच्यापुढे सगळे गप्प असतात ना? तो मान वाटतो तुम्हाला? अरे, कान आसुसले पाहिजेत आपले! आज घरी जा, धाकट्याला जवळ घ्या आणि विचारा — बाळा, माझं काय चुकतं? आणि तो बोलेपर्यंत तोंड उघडू नका!