एकमतानं मंजूर

न्हाय, पन मला एक सांगा, पायी अर्ध्या तासात गाठता येनाऱ्या गिरनीला बसनं सव्वा तास लागतोय, हिला बस म्हनायचं का वरात? आन ह्या वरातीला मंजुरी देताना हात कुनी वर केला? मीच की!

तुमाला सांगतो, मी महिपती, वॉर्डातनं निवडून आलेला, वर बस कमिटीचा मेंबर! निवडनुकीत गल्लीतल्या समद्या बायास्नी शब्द दिलावता, भोंग्याच्या आदी गिरनीच्या गेटवर सोडनारी बस आनतो. आमची मंडळी, वच्छला, तितंच कामाला, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. भोंगा झाला की गेट बंद, त्या दिवसाचा खाडा! तवा नकाशावर मी एकच रेघ मारली, आमच्या गल्लीतनं गिरनीपातुर, पट्टीसारखी सरळ... आन मीटिंगला गेलो, शर्टाला इस्त्री करून!

चनबसप्पा मेंबर म्हनले, "महिपतप्पा, नवी पेठेत माझ्या दुकानाम्होरनं जाऊ द्या की वो बस, मग तुमच्या गल्लीला माझा हात." आता त्या पेठेत मानूस आडवा होऊन चालतोय, तितं बस? पन सभापती "अनुकूल?" म्हनले आन हात कुनी वर केला? मीच की! मग हुसेनसाब, "हमारी गल्ली से नै गई तो मैं क्या मूं दिखाऊं?" बरोबर हाय, तोंड तर समद्यांनाच दाखवाय लागतंय... हात! मग सभापतींच्या सासुरवाडीचा वळसा... हात! नऊ मेंबर, आठ वळसे, माझ्या रेघंची पार जिलबी!

पहिल्या दिवशी गळ्यात हार घालून मी ड्रायव्हरच्या शेजारी, मागं वच्छला नि गल्लीतल्या पंधरा बाया. एकटी गोजरबाई चढली न्हाय, "मी आपली चालत जाती" म्हनली. आमी नवी पेठेत हॉर्न वाजवतोय तवर भोंगा झाला! गेटवर पोचलो तर आत कोन? गोजरबाई! आन भाईर? माझ्या पंधरा मतदार, सोळावी बायको! लई लाज वाटली, खरंच सांगतो, हार कुटं लपवावा कळंना.

घरी वच्छला एवढंच म्हनली, "वळसं काढा, न्हायतर हात तरी खाली ठेवा." पटलं! फुडच्या मीटिंगला मीच अर्ज दिला, बस लवकर पोचवा. सभापती वाचायला लागले, तेवढ्यात गरम भजी आली, चनबसप्पांनी बशी माझ्याकडं सरकवली, मी आपला तिखट लागलं म्हनून पानी बघतोय... "अनुकूल?" ऐकू आलं, आन सवयीनं... हात कुनी वर केला?

"एकमतानं मंजूर! आठी वळसे कायम, येळ वाचवन्यासाठी महिपतींच्या गल्लीचा थांबा रद्द!"

आता बस बारा मिन्टं लवकर पोचती म्हनत्यात. मला काय ठावं? मी रोज सकाळी बायास्नी गिरनीपातुर चालत सोडाय जातो, वच्छलाचा हुकूम हाय. काल वाटंत गोजरबाईनं विचारलं, "भावजी, आपला थांबा काढला तवा एकानंबी इरोध केला न्हाय व्हय?"

मी झपाझप फुडं निघालो. वच्छलाच म्हनली, "कसा करनार बाई? एका हातात भजं हुतं, दुसरा वर हुता."