कॉफीचा गाळ बसेपर्यंत

मलांग शहरातल्या चढावर वुलान बसची वाट बघत होती, तेवढ्यात एक जुनी बीटल गाडी आचके देत तिच्या पुढ्यातच बंद पडली. एक आजोबा उतरले आणि मागचं झाकण उघडून इंजिनात वाकले. आजी आतच बसून राहिल्या.

“काय झालं हो?”

“पेट्रोल पोचत नाहीये. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल.”

“परवाच साफ केलात ना?”

“मग पंप गेला. विकायच्या दिवशीच रुसली बघ, लास्त्री. आज राहू दे. गाडी घेणाऱ्या हर्योनोला फोन करून नको म्हणतो.”

“आधी पायाजवळचा पेट्रोलचा कॉक बघा.”

“तो चालूच असतो.”

“मघाशी पुलावर वाकून तुम्हीच बंद केलात. लग्नाआधी आमच्या दारात गाडी बंद पडायची, तेव्हाही हेच करायचात.”

“तुला ठाऊक होतं?”

“बाबांना होतं. मेकॅनिक माणूस, त्यांना नाही कळणार?”

“मग तासतासभर इंजिनात काय शोधायचे?”

“शोधतायत कसले! पहिल्याच दिवशी आत येऊन मला म्हणाले, पोरगा बरा दिसतोय, न गाळता कॉफी दे, कपात गाळ सावकाश बसू दे.”

“...कॉक उघडू का मग?”

“आधी हर्योनोला फोन करून नको म्हणा. नि समोरच्या टपरीवर दोन कॉफी सांगा. गाळ बसेपर्यंत मी काही हलायची नाही.”